टिअर्स ऑफ द किंग्डम: कुठे भारी, कुठे कमी पडतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'द लेजंड ऑफ झेल्डा: टिअर्स ऑफ द किंग्डम' या गेमबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एक विषय दोन ठिकाणी येत असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कथेचं मोठं गुपित फक्त प्रश्न १२ मध्ये उघड केलंय. ज्यांनी गेम पूर्ण केला नाही त्यांनी तो सोडून पुढे जावं.

१. हा कशाचा पुढचा भाग आहे? आधीचा न खेळता थेट सुरू केला तर चालेल का?

मार्च २०१७ मध्ये आलेल्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'चा हा थेट पुढचा भाग. तोच नायक लिंक, तीच राजकन्या झेल्डा, तेच हायरूलचं राज्य. १२ मे २०२३ ला तो निन्टेंडो स्विचवर आला आणि पहिल्या तीन दिवसांत त्याच्या एक कोटीहून जास्त प्रती विकल्या गेल्या. निर्माते एजी आओनुमा यांनी सांगितल्याप्रमाणे, आधी पहिल्या गेमसाठी डीएलसीच्या (नंतर डाउनलोड करायच्या जोडभागांच्या) कल्पना निघत होत्या. त्या इतक्या वाढल्या की शेवटी वेगळा गेमच करायचं ठरलं.

कथा कळायला पहिला भाग लागत नाही. जुनी पात्रं येतात, पण त्यांची ओळख प्रसंगातून होत जाते. तरीही दोन्ही खेळायचे असतील तर क्रम उलटवू नका. इथे गाड्या, विमानं, तराफे बांधायची सवय लागल्यावर पहिल्या गेममध्ये हात बांधल्यासारखे वाटतात. शिवाय ओळखीचं गाव उद्ध्वस्त किंवा बदललेलं बघताना जे पोटात हलतं, ते पहिला भाग खेळलेल्यालाच कळतं. एकच खेळायचा असेल तर मात्र हाच घ्या.

पहिल्या गेमचं सेव्ह त्याच कन्सोलवर असेल तर तिथे नोंदवलेले तुमचे घोडे इथल्या तबेल्यात नावासकट हजर असतात.

२. नकाशा तोच आहे म्हणतात. मग परत पैसे का घालायचे?

जमिनीवरचं हायरूल तेच आहे, हे खरं. पण त्याच्या वर आकाशात बेटं आली, खाली जवळजवळ तेवढंच मोठं काळोखं जग आलं, आणि खुद्द जमिनीच्या पोटात गुहा आणि विहिरी आल्या. माझ्या मते या चारांत सगळ्यात सरस काम गुहांचं झालंय, आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. पहिल्या गेममध्ये डोंगर म्हणजे चढायची वस्तू होती. आता त्याच डोंगरात शिरता येतं. आत ओलसर भिंती, चमकणारे बेडूक, कुठेतरी लपलेलं श्राइन (कोड्याचं छोटं देवस्थान), आणि परत यायची गरजच नाही, कारण छतातून थेट माथ्यावर निघता येतं. अशा १४७ गुहांत तो निळसर बबलफ्रॉग बसलेला सापडतो.

खालचं जग, म्हणजे डेप्थ्स, हे जमिनीच्या नकाशाचं उलटं रूप आहे. वर डोंगर तिथे खाली खोल दरी, वर नदी तिथे खाली अभेद्य भिंत. वरच्या १२० श्राइनच्या बरोबर खाली १२० लाइटरूट (आजूबाजूचा अंधार उजळणारी मुळं) आहेत, आणि श्राइनच्या नावाची अक्षरं उलट्या क्रमाने लिहिली की खालच्या लाइटरूटचं नाव मिळतं. हे गेम कुठेही सांगत नाही. स्वतःला उमगतं तेव्हा पुढचे कित्येक तास दोन्ही नकाशे आळीपाळीने उघडून बघण्यात जातात. असं गुपित बिनबोभाट ठेवणारे डिझायनर फार थोडे.

आता उणी बाजू. डेप्थ्समध्ये पहिल्यांदा उडी मारताना छाती धडधडते, पण दहाव्या-बाराव्या लाइटरूटनंतर दृश्य तेच ते होतं. वर बर्फ, वाळवंट, जंगल असा फरक आहे, तसा खाली फारसा नाही. आकाशाची तक्रार वेगळी. सुरुवातीचं ग्रेट स्काय आयलंड इतकं देखणं आणि भरगच्च आहे की पुढेही असंच असेल असं वाटतं. पण नंतरची बेटं लहान, विरळ, आणि बऱ्याच ठिकाणी एकाच साच्यातली निघतात. जाहिरातींत आकाश पुढे होतं आणि प्रत्यक्षात त्याचाच वाटा सगळ्यात थोडा, ही निराशा रास्त आहे.

३. अल्ट्राहँड वगैरे शक्तींचं इतकं कौतुक का होतं?

कारण त्या सगळीकडे आणि सारख्याच नियमांनी चालतात. सुरुवातीच्या चार श्राइनमध्ये चार शक्ती मिळतात. अल्ट्राहँडने वस्तू उचलून एकमेकांना चिकटवायच्या, फ्यूजने हत्याराला किंवा ढालीला काहीही जोडायचं, असेंडने छतातून वर निघायचं, रिकॉलने एखाद्या वस्तूचा प्रवास उलटा फिरवायचा.

एक उदाहरण. चालता चालता आकाशातून दगडी ठोकळा धाडकन खाली पडतो. बहुतेक गेममध्ये तो केवळ देखावा असता. इथे त्यावर चढायचं आणि रिकॉल लावायचं. ठोकळा ज्या वाटेने पडला त्याच वाटेने तुम्हाला घेऊन ढगांत जातो. हे करा असं कोणी सांगत नाही. नियम सगळ्या वस्तूंना सारखा लागू आहे, म्हणून ते घडतं.

यामागची मेहनत मोठी आहे. २०२४ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये निन्टेंडोच्या तंत्रज्ञांनी सांगितलं की जगातली हलणारी प्रत्येक वस्तू भौतिकशास्त्राच्या नियमांवर चालवायची असं त्यांनी ठरवलं. दारं, चाकं, दरवाजांच्या साखळ्या, सगळं. पूर्वी ठराविक ॲनिमेशनने हलणाऱ्या वस्तू खेळाडूने काहीतरी चिकटवलं की गोंधळ घालायच्या, म्हणून त्या काढूनच टाकल्या. असेंडची गोष्टही अशीच गमतीची: गुहा तपासून झाल्यावर बाहेर पडायला डेव्हलपरांनी स्वतःसाठी ठेवलेली ती सोय होती. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांना वाटलं, हीच खेळाडूला देऊन टाकू.

जगाने आपल्यावर इतका विश्वास टाकलेला गेम मी दुसरा पाहिलेला नाही. त्याचं बळ इथेच आहे, आणि खाली येणाऱ्या बहुतेक उणिवाही याच विश्वासातून जन्मलेल्या दिसतील.

४. मला बांधकामात रस नाही. डोकं चालत नाही त्यात. तरी मजा येईल का?

येईल. सक्तीचं बांधकाम फार थोडं आहे, आणि जिथे आहे तिथे लागणारं सामान शेजारीच ठेवलेलं असतं: दोन लाकडं, एक पंखा, एक शिडाची फळी. वेडावाकडा पूल बांधलात तरी पलीकडे पोचलात म्हणजे झालं. गेम सुबकपणाला गुण देत नाही.

सोय म्हणून ऑटोबिल्ड लवकर मिळवा. लुकआउट लँडिंग या छावणीतल्या जोशा आणि रॉबी या संशोधकांनी डेप्थ्समध्ये पाठवलेलं काम शेवटपर्यंत केलं की ते मिळतं. मग एकदा केलेली रचना एका बटणावर पुन्हा उभी राहते. आजूबाजूला सुटे भाग नसतील तर त्याऐवजी झोनाइट (डेप्थ्समधलं खनिज) खर्च होतं. यंत्रं चालवणारी बॅटरी वाढवणंही विसरू नका. दर १०० क्रिस्टलाइज्ड चार्जमागे (झोनाइटच्या बदल्यात मिळणारे ऊर्जेचे खडे) ती थोडी वाढते आणि तीच तुमचा उडण्याचा पल्ला ठरवते.

५. दोन पंखे आणि एक दांडा, म्हणजे ती हॉवरबाइक केली की बाकी काही लागतच नाही. हा गेमचा दोष नाही का?

आहे, आणि तो गंभीर आहे. स्टिअरिंगच्या दांड्याला पुढे-मागे एकेक पंखा लावला की हलकं, स्वस्त, कुठूनही उडणारं वाहन तयार होतं. ऑटोबिल्डने ते फक्त ९ झोनाइटमध्ये उभं राहतं. त्यासाठीच बनवलेले विमानाचे पंख आणि फुगे ठराविक वेळाने लुकलुकून नाहीसे होतात, साधे पंखे मात्र टिकतात. म्हणजे डिझायनरांनी ज्या वस्तूवर मर्यादा घातली ती मागे पडली आणि जिच्यावर घातली नाही ती जिंकली.

परिणाम असा की कल्पकतेला बक्षीस उरत नाही. चार चाकांची गाडी बांधायला मजा येते, पण ती पहिल्या चढाला अडकते आणि बाइक वरून निघून जाते. डेप्थ्समधला अंधारातला थरारही या बाइकने पार ओसरतो, कारण जमिनीवर पाऊलच पडत नाही. निदान पहिली चार मंदिरं (कथेतले मोठे टप्पे, प्रश्न १०) होईपर्यंत बाइक बांधू नका, एवढंच सुचवेन. गेम स्वतः हे बंधन घालत नाही, म्हणून ते आपण घालावं लागतं.

६. उंचावरून उडी मारली की मरतोय. पॅराग्लायडर कुठे मिळतो?

हा प्रश्न नवख्यांकडून सतत येतो, आणि चूक त्यांची नाही. आकाशातल्या सुरुवातीच्या बेटावरून खाली आल्यावर थेट लुकआउट लँडिंगला जा, तिथली शास्त्रज्ञ पुरा हिला भेटा, तिने सांगितल्याप्रमाणे हायरूल किल्ल्याकडे जाऊन या आणि पुन्हा तिला भेटा. तेव्हा पॅराग्लायडर मिळतो. गेम मोकळा असल्यामुळे कित्येक जण दिसेल त्या दिशेला निघून जातात आणि मग टेकड्या पायी उतरत बसतात. मोकळ्या जगातही एखादी वस्तू अशी असते की ती हातात येईपर्यंत वाट अरुंद ठेवायला हवी होती. पहिल्या गेमने ती सुरुवातीच्या पठारावरच ठेवून हे नीट साधलं होतं.

७. हत्यारं अजूनही तुटतात का? मला पहिल्या गेममध्ये तेच आवडलं नव्हतं.

तुटतात. पण आता तुटण्याला अर्थ आहे. कथेच्या सुरुवातीच्या उलथापालथीत राज्यातली बहुतेक हत्यारं गंजून गेलेली असतात, त्यामुळे नुसती तलवार कुचकामी. खरी धार फ्यूजमधून येते. राक्षस मारला की त्याचं शिंग मिळतं, ते शिंग काठीला लावलं की चांगलं हत्यार तयार. पहिल्या गेममध्ये लढाईत हत्यार गमावून हाती काही न लागल्यासारखं व्हायचं. इथे लढाईच पुढच्या हत्याराचा कच्चा माल देते. चांदी रंगाच्या लायनेल या राक्षसाच्या शिंगाने तर माऱ्यात तब्बल ५५ ची भर पडते.

बारकावे माहीत असले की गोडी वाढते. झोरा जमातीचं हत्यार लिंक ओला असताना दुप्पट मारा करतं. शूरवीरांची तलवार एकच हृदय (जीवशक्तीची खूण) उरलं असताना जोर धरते. गेरुडो जमातीच्या हत्यारात जोडलेल्या वस्तूची ताकद दुप्पट धरली जाते, म्हणून उत्तम शिंगं त्यांच्यासाठी राखून ठेवा. न गंजलेली हत्यारं डेप्थ्समध्ये उभ्या असलेल्या सैनिकांच्या सावल्यांकडे मिळतात. चुकून भलतंच काही जोडलंत तर टॅरी टाउनमधला पेलिसन २० रुपीत (गेममधलं चलन) दोन्ही वस्तू शाबूत वेगळ्या करून देतो.

तरीही तुटणं हाच प्रकार मनाला पटत नसेल, तर हा गेम तुमचं मत पुरतं बदलेल असं नाही. मालिकेतली प्रसिद्ध तलवार मास्टर सोर्डसुद्धा दमते, मात्र थोड्या वेळाने पुन्हा तयार होते.

८. बाणाला दरवेळी नवीन वस्तू जोडावी लागते. यासाठी काही शॉर्टकट आहे?

नाही, आणि या गेमची सगळ्यात रोजची डोकेदुखी हीच. प्रत्येक बाणासाठी धनुष्य ताणून, वरचं बटण दाबून, आडव्या लांबलचक पट्टीतून वस्तू निवडायची. पुढच्या बाणाला पुन्हा तेच. पट्टी 'सर्वाधिक वापरलेलं' या क्रमाने लावता येते. ती तशीच ठेवा, त्याने बराच त्रास वाचतो. पण आवडीच्या चार-पाच वस्तूंची छोटी यादी करायची सोय द्यायलाच हवी होती. लढाई ऐन रंगात असताना सगळं थांबवून सफरचंदं, मशरूम आणि डोळ्यांच्या बुबुळांमधून अंगठा फिरवत राहणं, याने लय तुटते. कल्पना अव्वल आणि मेनू तिला अपुरा, हे दुखणं ऋषी या साथीदारांच्या बाबतीतही आहे (प्रश्न ९).

९. ट्युलिन माझ्या वस्तू उडवून लावतो! ऋषींना बंद करता येतं का?

येतं. ऋषी म्हणजे मंदिर पूर्ण केल्यावर सोबत येणारे साथीदार, ट्युलिन त्यांतलाच. मेनूत महत्त्वाच्या वस्तूंच्या पानावर प्रत्येक ऋषीचं वचन दिसतं. ते निवडून ए बटण दाबलं की तो ऋषी मागे फिरायचा थांबतो, पुन्हा दाबलं की परत येतो.

भानगड अशी की ऋषींची शक्ती वापरायला त्यांच्या सावलीजवळ जाऊन ए दाबायचं, आणि जमिनीवरची वस्तू उचलायलाही तेच ए. शत्रू मारला, शिंग उचलायला वाकलात, ट्युलिन नेमका मध्ये आला की वाऱ्याचा झोत सुटतो आणि शिंग कड्याखाली. लढाईत उलटं होतं: रिजू या ऋषीची वीज हवी असते तेव्हा ती पार पलीकडे कोणाशी तरी झुंजत असते आणि तुम्ही शत्रू सोडून तिच्यामागे धावता. चाक फिरवून शक्ती निवडायची सोय लिंकच्या स्वतःच्या शक्तींसाठी आहेच. ऋषींना तीच का दिली नाही, हे मला आजही कळलेलं नाही.

माझा सल्ला: फिरताना फक्त ट्युलिन चालू ठेवा, कारण हवेत तरंगताना त्याचा झोत अमूल्य आहे. मोठ्या लढाईत सगळे चालू करा, वस्तू गोळा करताना सगळे बंद.

१०. मंदिरं पहिल्या गेमपेक्षा चांगली आहेत का? कुठल्या क्रमाने करावीत?

रूपात कितीतरी चांगली. पहिल्या गेममधले चार यांत्रिक प्राणी आतून एकसारखे दिसायचे. इथे प्रत्येक मंदिराला स्वतःचा चेहरा आहे.

वायुमंदिराची चढाई हा या मालिकेतला एक अत्युच्च क्षण म्हणावा लागेल. हिमवादळात, हवेत लटकलेल्या जुन्या जहाजांच्या शिडांवर उड्या मारत वर वर जायचं. जसजसे चढता तसतसं संगीतात एकेक वाद्य मिसळत जातं, आणि ढग फोडून वर आलात की ते जहाज समोर येतं. नंतरची कोलगेराशी लढाई उलट दिशेने चालते: उंचावरून सूर मारून त्याच्या बर्फाच्या कवचातून आरपार जायचं. तिथे सहसा कोणी मरत नाही, पण वेग आणि संगीत यांमुळे अंगावर काटा येतो. विजेचं मंदिर कोड्यांत सरस आहे. आरशांनी प्रकाश वळवायची जुनी युक्ती तिथे फार निगुतीने वापरली आहे.

अग्निमंदिरात खाणीच्या गाड्यांचे रूळ वळवत जाण्याची सुंदर रचना आहे, पण दोन रॉकेट लावून ती सगळी ओलांडता येते, आणि बरेच जण तेच करतात. जलमंदिर आखूड वाटतं आणि तिथला बॉस चिखलातून पळ काढत राहतो, त्यामुळे लढाई रेंगाळते. प्रत्येक मंदिरात चार-पाच कुलपं उघडून मधोमध परतायचं हा साचा मात्र बदललेला नाही.

क्रम मोकळा आहे. ट्युलिनच्या रिटो गावापासून सुरुवात करा. कारण प्रश्न ९ मध्ये दिलंच आहे.

११. कथा कशी आहे? अश्रूंच्या आठवणी कुठल्याही क्रमाने पाहिल्या तर चालतील?

कथेचा गाभा या मालिकेतल्या सर्वोत्तमांपैकी आहे, मांडणी मात्र तिला न्याय देत नाही. जमिनीवर कोरलेल्या भल्यामोठ्या आकृत्यांमध्ये अश्रू सापडतात आणि प्रत्येकात भूतकाळाचा एक प्रसंग असतो. कुठलीही आकृती आधी गाठता येते, म्हणून शेवटाकडचा प्रसंग पहिल्याच दिवशी दिसू शकतो. पहिल्या गेममधल्या आठवणी विस्कळीत चालायच्या, कारण ती मनःस्थितीची चित्रं होती. इथे रहस्य आहे, आणि रहस्याला क्रम लागतो.

उपाय गेममध्येच आहे. इम्पासोबत फर्गॉटन टेंपलमध्ये गेलात की तिथल्या दालनात आकृत्यांचा नकाशा आहे आणि भिंतींवर त्या क्रमाने कोरल्या आहेत. त्याच क्रमाने जा. वाटेत दुसरी आकृती दिसली तर फोटो काढून ठेवा, अश्रूला हात लावू नका.

दुसरी उणीव: पहिल्या चारही मंदिरांनंतर एक प्राचीन ऋषी येतो आणि जवळजवळ तीच हकीकत सांगतो. तेच युद्ध, तोच राक्षसराजा, तीच विनंती. कुठलं मंदिर आधी होईल ते ठाऊक नसल्यामुळे चारही ठिकाणी सगळंच सांगायचा मार्ग निवडला गेला. चौथ्या वेळी लिंकने तेवढ्याच आश्चर्याने ऐकावं, हे पटत नाही. पहिल्या गेममधली शेइका यंत्रं कुठे गेली, याचंही स्पष्टीकरण जवळपास नाही.

१२. (कथा उघड होते!) झेल्डाचं काय झालं ते मला कळलंय, तरी लिंक कोणाला काहीच का सांगत नाही?

कारण गेमने तशी तजवीजच केलेली नाही. झेल्डा भूतकाळात जाऊन गूढ शिळा गिळते आणि लाइट ड्रॅगन होते, युगानुयुगं आकाशात फिरत राहते, हे अश्रूंमधून कळतं. त्यानंतर तुम्ही एखाद्या प्रदेशात गेलात आणि तिथे खोटी झेल्डा दिसली, तरी सगळे 'राजकन्या कुठे गेली?' म्हणत तिच्यामागे धावतात आणि लिंक गप्प. तुम्हाला खरं माहीत, त्यालाही माहीत, पण संवाद जुन्याच गृहीतकावर चालतो. मोकळीक दिली, पण खेळाडूला काय ठाऊक आहे याची नोंद ठेवली नाही. इतक्या जिवापाड बांधलेल्या जगात ही फट फार खुपते.

मास्टर सोर्डचंही असंच. ती ड्रॅगनच्या मस्तकात रुतलेली आहे. ड्रॅगनवर उतरून ती कधीही उपसायला जाता येतं, फक्त स्टॅमिनाची दोन पूर्ण वर्तुळं हवीत. पण अश्रू न पाहता ती काढलीत तर मालिकेतला सगळ्यात हेलावणारा प्रसंग केवळ एक हत्यार मिळाल्यासारखा सरून जातो. आधी सगळे अश्रू, मग तलवार. कुठल्याही परिस्थितीत हा क्रम मोडू नका.

१३. गेम फार अवघड आहे की फार सोपा? दोन्ही ऐकलंय.

दोन्ही खरं. सुरुवातीला एका फटक्यात मरता. ग्लूमचा (डेप्थ्समधल्या विषारी काळ्या-लाल चिखलाचा) मार तर हृदयंच निकामी करतो, आणि ती भरून काढायला लाइटरूट किंवा सनडेलियन हे औषधी फूल घातलेलं जेवण लागतं. पुढे ग्रेट फेअरी नावाच्या पऱ्यांकडून चिलखत वाढवलंत आणि पिशवीत शिजवलेलं अन्न साठलं की धोका उरत नाही, कारण लढाई थांबवून हवं तेवढं खाता येतं. तुम्ही जितके शत्रू माराल तितके पुढचे शत्रू तगडे होतात, पण तुमचा वेग त्यांच्यापेक्षा जास्त असतो. वेगळा कठीण मोड नाही.

खरं आव्हान हवं असेल तर ज्या श्राइनमध्ये सगळं सामान काढून घेतात ती शोधा. अंगावर कपडे नाहीत, समोर पाच यंत्रमानव, आणि जवळ पडलेल्या काठ्या-दगडांतून वाट काढायची. गेमची लढाई किती हुशार होऊ शकते हे तिथे दिसतं. अशी आणखी हवी होती.

१४. जुन्या स्विचवर अडखळतो का? स्विच २ घेईपर्यंत थांबू?

जुन्या स्विचवर सेकंदाला ३० फ्रेमचं लक्ष्य आहे आणि टीव्हीवर चित्र जास्तीत जास्त ९०० पी. गर्दीच्या गावात किंवा अल्ट्राहँड वापरताना वेग २० च्या आसपास घसरतो. खेळ अडत नाही, पण जाणवतं. त्या यंत्राची ताकद पाहता हे जग चालतं हेच मोठं.

५ जून २०२५ ला स्विच २ साठीची आवृत्ती आली. तिथे वेग ६० फ्रेमवर जातो, चित्र स्वच्छ होतं, आणि दुसरं सेव्ह ठेवायची जागा मिळते. जुना गेम असेल तर फक्त अपग्रेड घेता येतं. आधीच स्विच असेल तर थांबू नका. दोन्ही नसतील तर थेट स्विच २.

१५. लहान मुलांना चालेल? दोघांना एकत्र खेळता येतो का?

अमेरिकेत १० वर्षांवरील सर्वांसाठी आणि युरोपात १२ वर्षांवरील असं याचं मानांकन आहे. रक्तपात नाही, पण डेप्थ्स आणि जमिनीतून निघणारे ग्लूमचे हात लहानग्यांना घाबरवतील. गेम एकट्याचाच. शेजारी बसून 'हे त्याला चिकटव' असं सांगणारं कोणी असलं तर मात्र रंगत वाढते.

१६. सगळे कोरोक गोळा करावेत का?

नाही. कोरोक म्हणजे जगभर लपलेले छोटे वनजीव, सापडले की पिशवी वाढवणारी बी देतात. पहिल्या गेममध्ये अशा ९०० बिया होत्या, इथे १००० आहेत. पिशवी पुरेशी मोठी झाली की थांबा. श्राइन मात्र सगळी करण्याजोगी आहेत: जमिनीवर १२०, आकाशात ३२. अधूनमधून नुसता पेटारा देणारं श्राइन येतं, तेव्हा तिथवर पोचणं हेच कोडं असतं.

१७. वस्तू दुप्पट करायच्या युक्त्या अजून चालतात का?

गाजलेल्या बहुतेक युक्त्या मे २०२३ अखेरीच्या १.१.२ अपडेटने आणि त्यापुढच्या अपडेटने बंद केल्या.

१८. मंदिरं न करता थेट राक्षसराजा गॅननडॉर्फकडे जाता येतं का? पाचवा ऋषी आधी मिळवला तर कथा बिघडते का?

थेट जाता येतं. हायरूल किल्ल्याच्या खाली उतरत गेलात की वाट आहे. पण तिथे फौज अंगावर येते, आणि जी मंदिरं सोडलीत त्यांचे बॉस तिथेच समोर उभे ठाकतात. ते सांभाळणारा ऋषी सोबत नसतो, म्हणून ते तुम्हालाच मारावे लागतात. मास्टर सोर्ड सक्तीची नाही. सनडेलियनचे पदार्थ मात्र भरपूर न्या.

पाचव्या ऋषीकडे नेणारी वाट फारोनच्या वरच्या गडगडाटी ढगांत आहे आणि गेम तुम्हाला अडवत नाही. बक्षीस मोलाचं आहे: त्या ऋषीच्या यंत्रदेहावर स्वार झालं की खालचा ग्लूम बाधत नाही. पण त्या भागात अशी माहिती मिळते जिचं वजन चार मंदिरांनंतरच कळतं. पहिल्यांदा खेळताना शेवटी ठेवा.

१९. डीएलसी येणार आहे का?

नाही. या जगात करायचं ते करून झालंय, असं आओनुमा यांनी २०२३ मध्येच स्पष्ट केलं. भूतकाळातल्या युद्धाची कथा अपुरी वाटली असेल तर नोव्हेंबर २०२५ मध्ये स्विच २ वर आलेला 'हायरूल वॉरियर्स: एज ऑफ इम्प्रिझनमेंट' त्याच काळावर आहे. पण तो झुंडींशी लढायचा गेम आहे, मोकळ्या जगाचा नाही.

२०. अर्धा खेळून सोडला होता. आता उघडला तर काहीच आठवत नाही. नव्याने सुरू करू?

नको. जुन्या स्विचवर एका प्रोफाइलला एकच सेव्ह असतं, नवा गेम सुरू करून सेव्ह केलंत तर जुनी मेहनत जाईल. आधी ॲडव्हेंचर लॉग या कामांच्या नोंदवहीत अर्धवट कामं बघा. मग हटेनोच्या प्रयोगशाळेत परतलेल्या रॉबीकडून पुरा पॅडमध्ये (लिंकच्या हातातल्या नकाशायंत्रात) हीरोज पाथची सोय करून घ्या. त्यात तुम्ही कुठे कुठे फिरलात त्याची हिरवी रेघ नकाशावर उमटते, आणि कुठे पाऊलच पडलेलं नाही हे लगेच दिसतं. बटणं हाताला बसेपर्यंत एखाद्या सोप्या गुहेत शिरा, दोन-तीन श्राइन करा. चारही शक्ती पुन्हा ओळखीच्या झाल्या की मंदिराकडे वळा.